अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे कालखंड : विद्यार्थ्यांचा गटप्रकल्प कसा आखावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयात आणि पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. विषय अमेरिकेचा आहे. आराखडा मात्र ६० जणांचा वर्ग, एक ग्रंथालय आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल अशा आपल्या परिस्थितीला धरून केला आहे.

कारकीर्द आणि कालखंड यांत फरक काय?

कारकीर्द कॅलेंडरवर दिसते. फ्रँकलिन रूझवेल्ट ४ मार्च १९३३ रोजी पदावर आले आणि १२ एप्रिल १९४५ रोजी पदावर असतानाच वारले. यात वाद घालण्यासारखे काही नाही. कालखंड मात्र अभ्यासक ठरवतो, आणि तो तसाच का ठरवला हे त्याला पुराव्याने दाखवावे लागते.

महामंदीचा कालखंड १९३३ पासून धरला, तर 'रूझवेल्ट आले आणि सरकार जागे झाले' अशी सोपी गोष्ट तयार होते. १९२९ पासून धरला, तर हर्बर्ट हूव्हर यांची जवळजवळ सगळी कारकीर्द आत येते आणि त्या गोष्टीला तडा जातो. बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारे रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन हूव्हर यांच्याच काळात, जानेवारी १९३२ मध्ये, स्थापन झाले होते. रूझवेल्ट यांनी ते पुढे भरपूर वापरले. सीमारेषा तीन-चार वर्षे मागे सरकवली की निष्कर्षही सरकतो.

अँड्र्यू जॅक्सन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर त्यांनी २८ मे १८३० रोजी सही केली. चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात प्रत्यक्ष हाकलले गेले ते १८३८-३९ मध्ये, म्हणजे मार्टिन व्हॅन ब्यूरन राष्ट्राध्यक्ष असताना. गटाने 'जॅक्सन, १८२९ ते १८३७' एवढेच धरले तर कायदा प्रकल्पात येतो आणि त्यापायी वाटेत मेलेली हजारो माणसे बाहेर राहतात.

म्हणून प्रत्येक गटाने पहिल्या आठवड्यात आपल्या कालखंडाच्या दोन्ही सीमा पेन्सिलीने आखाव्यात आणि शेवटच्या आठवड्यात त्या राखाव्यात किंवा सरकवाव्यात, कारणासह. प्रकल्पाचा कणा हाच आहे. हे काम झाले नाही तर हाती येते ते चरित्र, आणि तेही कुठून तरी उतरवलेले.

वर्ग ६० जणांचा आहे. गट किती करावेत?

पाच-पाच जणांचे १२ गट आणि सहाच कालखंड. म्हणजे प्रत्येक कालखंडावर दोन गट. एकच विषय दोघांना का, असे मुले विचारतात. या दोन गटांनी पाचव्या आठवड्यापर्यंत एकमेकांच्या वह्या पाहायच्या नसतात. मग दोघांच्या सीमारेषा शेजारी-शेजारी मांडल्या की त्या बहुधा जुळत नाहीत, आणि इतिहास म्हणजे पाठ करायची सनावळी नव्हे हे वर्गाला डोळ्यांनी दिसते. व्याख्यानातून हे इतके पटत नाही.

चौघांचा गट चालतो. सहा झाले की एक जण हमखास रिकामा राहतो. वर्ग ३० जणांचा असेल तर सहा गट आणि तीन कालखंड करावेत. दोन गटांची जोडी मोडू नये.

कोणते सहा कालखंड निवडावेत?

आमची निवड अशी: जॅक्सन आणि व्हॅन ब्यूरन (१८२९ ते १८४१), यादवी युद्ध आणि पुनर्रचना, म्हणजे लिंकन, अँड्र्यू जॉन्सन आणि ग्रँट (१८६१ ते १८७७), सुधारणांचा काळ, म्हणजे थिओडोर रूझवेल्ट, टाफ्ट आणि विल्सन (१९०१ ते १९२१), महामंदी आणि दुसरे महायुद्ध (१९२९ ते १९४५), लिंडन जॉन्सन (१९६३ ते १९६९), निक्सन (१९६९ ते १९७४). ही वर्षे कारकिर्दींची आहेत. कालखंडाची वर्षे गटानेच ठरवायची.

अगदी अलीकडचे राष्ट्राध्यक्ष टाळावेत. १९७८ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रे जनतेच्या मालकीची असतात. पण ती मागता येतात कारकीर्द संपल्यावर पाच वर्षांनी, आणि त्यातल्या काही प्रकारच्या कागदांवर १२ वर्षांपर्यंत बंधन राहू शकते. कागद नसले की मुले बातम्यांच्या चर्चांवर येतात आणि प्रकल्पाचा वादविवाद होतो.

तारखांमध्ये नेमकी कुठे चूक होते?

तीन ठिकाणी. निवडणूक नोव्हेंबरात होते आणि पदग्रहण पुढच्या वर्षी. पदग्रहण पूर्वी ४ मार्चला असे. विसाव्या घटनादुरुस्तीनंतर, १९३७ पासून, ते २० जानेवारीला होते. त्यामुळे 'रूझवेल्ट १९३२ मध्ये आले' हे चूक. १९३२ मध्ये ते निवडून आले. तिसरी चूक क्रमांकाची. ग्रोव्हर क्लीव्हलँड बाविसावेही आहेत आणि चोविसावेही, कारण मधली चार वर्षे ते पदावर नव्हते. ट्रम्प यांचेही तसेच, ४५ वे आणि ४७ वे. क्रमांक मोजून माणसे मोजली की हिशेब चुकतो.

चांगला प्रश्न कसा ओळखावा?

'लिंकन महान का होते?' हा प्रश्न नाही. उत्तर त्यातच बसलेले आहे. 'सर्वांत चांगला राष्ट्राध्यक्ष कोण?' यातून मतदान होईल, संशोधन होणार नाही.

प्रश्नात एखादे ठिकाण, एखादा लोकसमूह आणि काळाची मर्यादा असावी, आणि उत्तर 'नाही' येण्याची खरी शक्यता असावी. उदाहरणार्थ: 'गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी लागू झाल्यावर केंटकी राज्यातल्या गुलामांची कायदेशीर स्थिती बदलली का?' उत्तर शोधताना मुलांना कळते, की जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरता होता, केंटकी संघराज्यातच राहिले होते, आणि तिथली गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. तोवर लिंकन यांची हत्या होऊन आठ महिने होत आले होते. एका लहान प्रश्नाने कालखंडाची सीमा आपोआप पुढे ढकलली.

दुसरा नमुना: 'ऑगस्ट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातल्या वृद्धापकाळ विम्यातून कोण वगळले गेले?' शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कष्टकरी याच दोन कामांत होते. एवढे सापडले की पुढचा प्रश्न विद्यार्थीच विचारतात.

गटात काम कसे वाटावे?

'तू अर्थव्यवस्था, तू परराष्ट्र धोरण, तू समाजजीवन' अशी वाटणी करू नये. पाच जण पाच निबंध लिहितात, शेवटच्या रात्री ते एकत्र चिकटवले जातात आणि कोणीच दुसऱ्याचे वाचलेले नसते.

वाटणी साधनांप्रमाणे करावी. एक जण राष्ट्राध्यक्षाची भाषणे, संदेश आणि आदेश पाहील. दुसरा अमेरिकी काँग्रेस आणि सर्वोच्च न्यायालय. तिसरा त्या काळची वृत्तपत्रे. चौथा आकडे. पाचवा ज्यांना त्या निर्णयांची झळ बसली त्यांचा आवाज शोधेल: चेरोकींचे अर्ज आणि त्यांचे स्वतःचे वृत्तपत्र, मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलाखती, १९४२ च्या कार्यकारी आदेशानंतर छावण्यांत डांबलेल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांची पत्रे. पाचवे काम सर्वांत अवघड आहे. ते गटातल्या सर्वांत हुशार मुलाला देऊन मोकळे होऊ नये. तिसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या एकाने त्यात हात द्यावा.

प्रश्न मात्र पाचही जणांचा एकच.

साधनचिठ्ठी म्हणजे काय? ती किती भरायची?

एका अस्सल साधनाची एक चिठ्ठी, ए-फोर कागदाच्या अर्ध्या भागावर, हाताने लिहिलेली. तिच्यात आठ ओळी: कोणी लिहिले, कधी, कोणासाठी, कोणत्या निमित्ताने, काय म्हटले आहे, कशाबद्दल मौन आहे, दुसरे कोणते साधन याला दुजोरा देते किंवा खोडून काढते, आणि ते नेमके कुठे सापडते. दरडोई सहा, म्हणजे गटाच्या ३०. दुय्यम पुस्तके यात मोजायची नाहीत. गटाने दोन-तीन चांगले ग्रंथ वाचावेतच, त्यांची टिपणे प्रकल्पवहीत वेगळी ठेवावीत.

सहावी ओळ, मौनाची, मुले कोरी सोडतात. ती कोरी असेल तर चिठ्ठी परत करावी. जॅक्सन यांचा ६ डिसेंबर १८३० चा काँग्रेसला दिलेला संदेश वाचा. स्थलांतर मूळनिवासींच्याच भल्याचे आहे असे त्यात सांगितले आहे; त्यांनी स्वतः काय मागितले होते, ते शोधावे लागते चेरोकींच्या अर्जांत. चिठ्ठीचा खरा उपयोग इथे होतो.

अस्सल साधने फुकट कुठे मिळतात?

सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा 'अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट' भाषणे, संदेश, कार्यकारी आदेश आणि पक्षांचे जाहीरनामे तारखेनुसार देतो; सुरुवात तिथून करावी. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे वॉशिंग्टन ते कूलिज यांपैकी २३ राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे आणि जुन्या वृत्तपत्रांचा मोठा संग्रह आहे. हूव्हर यांच्यापासून पुढे प्रत्येकाच्या कागदपत्रांची स्वतंत्र व्यवस्था राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अखत्यारीत आहे. परराष्ट्र खात्याची कागदपत्र-मालिका १८६१ पासून निघते आहे. १९७१ च्या दक्षिण आशियातल्या पेचप्रसंगावर तिचा एक पूर्ण खंड आहे, निक्सन यांच्या गटासाठी तो सोन्यासारखा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरकडे फ्रँकलिन रूझवेल्ट ते निक्सन यांच्या काळातली ध्वनिमुद्रणे आहेत. लिंडन जॉन्सन यांचे दूरध्वनीवरचे संवाद लेखी उताऱ्यासह ऐकता येतात, आणि वर्गात त्यांच्याइतके काहीही रंगत नाही.

वृत्तपत्रांत शोध घेताना त्या काळचा शब्द टाकावा. यादवी युद्धाच्या वर्षांत उत्तरेकडची पत्रे 'रिबेलियन' म्हणत. 'न्यू डील' हा महामंदीवरच्या उपाययोजनांसाठीचा शब्द फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या जुलै १९३२ च्या भाषणानंतर रूढ झाला. त्याआधीच्या अंकांत तो टाकून काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ बातमी नव्हती असा होत नाही.

मुलांचे इंग्रजी कच्चे आहे. एवढे वाचणार कसे?

लांब साधने घेऊच नयेत. लिंकन यांचे दुसऱ्या पदग्रहणाचे भाषण जेमतेम ७०० शब्दांचे आहे. पाच जणांनी दोन तासिकांत ते मराठीत उतरवावे. रूझवेल्ट यांचे १२ मार्च १९३३ चे रेडिओ भाषण बँका का बंद केल्या हे सामान्य माणसाला समजावण्यासाठीच होते, त्यामुळे भाषा सोपी आहे. याउलट एकोणिसाव्या शतकातले वार्षिक संदेश हजारो शब्दांचे लेखी अहवाल असत. त्यातला एकच परिच्छेद घ्यावा, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचल्याशिवाय नाही.

यंत्राने केलेले भाषांतर पहिला अंदाज घेण्यापुरते वापरावे. चिठ्ठीवर जाणारे वाक्य मुलांनी स्वतः मराठीत करावे आणि मूळ वाक्य मागच्या बाजूला लिहावे. अहवाल मराठीतच असावा. स्वतःच्या भाषेत सांगता आले नाही तर समजलेले नाही, हे लगेच उघड होते.

आकडे वापरताना काय जपावे?

आकडा कोणी, कसा मोजला हे लिहिल्याशिवाय तो अहवालात येऊ देऊ नये. १९३६ मध्ये अमेरिकेत बेकारी किती होती? लेबरगॉट या अर्थतज्ज्ञाच्या मोजणीत १६.९ टक्के, डार्बी या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाच्या मोजणीत ९.९ टक्के. सरकारी मदतकामांवर असलेल्यांना पहिल्याने बेकार धरले, दुसऱ्याने कामावर धरले. एक गट पहिला आकडा घेऊन 'न्यू डील फसली' म्हणेल, दुसरा दुसरा घेऊन 'साधली' म्हणेल. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारा माणूस बेकार मोजायचा की नाही, असे विचारले की मुद्दा तिथल्या तिथे कळतो.

लोकप्रियतेचे आकडेही तसेच. जनमत चाचण्या १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थिरावल्या. जॅक्सन किंवा लिंकन 'किती टक्के लोकप्रिय होते' याचे उत्तर नाही, मतमोजणी आहे. तीही जपून वाचावी, कारण १८३२ मध्ये मत जवळजवळ केवळ गोऱ्या पुरुषांना होते, आणि साउथ कॅरोलायनात तर राष्ट्राध्यक्षपदाचे निर्वाचक तिथले विधिमंडळच निवडत असे.

महाराष्ट्राशी धागा जोडता येतो का?

येतो, आणि ओढूनताणून जोडावा लागत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ग्रँट यांची कारकीर्द तेव्हा चालू होती. पुनर्रचनेवरच्या गटाने विचारावे: पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा अमेरिकेतल्या मुक्त गुलामांच्या हाती नेमके काय आले होते?

आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ अमेरिकेत होत्या, म्हणजे आर्थर आणि क्लीव्हलँड यांच्या काळात. त्यांच्या पदवीदानासाठी गेलेल्या पंडिता रमाबाई १८८८ पर्यंत तिथे राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे पुस्तक मराठीत प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या इतिहासाचे अस्सल साधन, तेही मराठीत! हा काळ आमच्या सहा कालखंडांत नाही; पण एखाद्या गटाने इंग्रजीच्या धास्तीने हात टेकले, तर सातवा कालखंड म्हणून हाच द्यावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच वर्षांत विल्सन यांच्या प्रशासनाने केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. दोन घटना एका काळातल्या आहेत एवढेच म्हणावे. एकीमुळे दुसरी घडली असे पुराव्याशिवाय लिहू नये.

लिंडन जॉन्सन यांच्या गटासाठी घरातच साधन आहे. १९५४ च्या पीएल ४८० कायद्याखाली आलेला अमेरिकेचा लाल गहू रेशनवर घेतलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. मुलाखत घेताना सन विचारू नये. 'तेव्हा तुम्ही कितवीत होता? घरात कोणाचे लग्न झाले होते? पाकिस्तानशी लढाई आधी झाली की नंतर?' असे विचारावे. आजी मिलो ज्वारीबद्दल बोलू लागल्या तर बहुधा ती आठवण १९७२ च्या दुष्काळाची असते, आणि तेव्हा निक्सन होते. दोन्ही आठवणी एकत्र होतात आणि मुले दोन्ही जॉन्सन यांच्या नावावर लिहून टाकतात. नाव छापण्याआधी परवानगी घ्यावी.

सहा आठवड्यांत काम कसे बसवावे?

पहिल्यात प्रश्न आणि पेन्सिलीच्या सीमा. दुसऱ्या-तिसऱ्यात चिठ्ठ्या, तिसऱ्याच्या अखेरीस निम्म्या, म्हणजे १५, तपासायला आल्याच पाहिजेत. प्रकल्प कोसळतो तो याच टप्प्यावर. चौथ्यात चिठ्ठ्या जमिनीवर पसरून मांडणी आणि पाचव्यात जोडगटाशी तुलना. अहवाल आणि तोंडी परीक्षा सहाव्यात. सत्र परीक्षा मध्ये येत असेल तर चौथ्या आठवड्यानंतर खंड पाडावा, दुसऱ्यानंतर नाही. अर्धवट चिठ्ठ्या सुट्टीत हरवतात.

कालपट कसा करावा?

वर्षाला १० सेंटिमीटर. १९२९ ते १९४५ या १६ वर्षांना १६० सेंटिमीटर, म्हणजे आडव्या जोडलेल्या तीन कार्डशीट पुरतात. एकाखाली एक तीन पट्ट्या: वर कारकिर्दी, मध्ये कायदे आणि निकाल, खाली लोकांचे जगणे. कायदा आणि त्याचा परिणाम यांना दोऱ्याने जोडावे. दोरा तिरका किती जातो तेवढा विलंब. फोटोंची गर्दी करू नये.

गुण कसे द्यावेत? एकच जण राबतो, त्याचे काय?

५० पैकी: प्रश्न आणि सीमारेषेचे समर्थन १०, साधनांचा वापर १५, प्रत्येकाचे दोन पानी वैयक्तिक टिपण १०, तोंडी १०, प्रकल्पवही ५. यातले टिपण आणि तोंडी यांचे २० गुण ज्याचे त्याचे. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या नव्हे, सोबत्याच्या चिठ्ठीवर प्रश्न विचारावा. ही एक गोष्ट आधीच जाहीर केली की गट एकमेकांचे वाचू लागतो.

चॅटजीपीटीसारखी साधने वापरू द्यावीत का?

शोधशब्द सुचवायला, अवघड वाक्य समजून घ्यायला द्यावीत. धोका अवतरणांचा आहे. लिंकन यांच्या नावावर त्यांनी कधीच न म्हटलेली वाक्ये आधीपासूनच पुष्कळ फिरतात, त्यात यंत्र नवी भर घालते; कागद, पान, तारीख सगळे खरे वाटेल असे. म्हणून नियम साधा ठेवावा: तोंडी परीक्षेत जे मूळ साधन उघडून दाखवता येत नाही, ते अहवालातून वगळायचे आणि त्यावर उभा असलेला मुद्दाही वगळायचा.

भारताच्या राष्ट्रपतींवर हाच आराखडा चालेल का?

जसाच्या तसा नाही. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे धोरणांचा कालखंड त्यांच्या नावाने पाडता येत नाही. प्रश्न अरुंद करावा लागतो: सल्ला आला तेव्हा राष्ट्रपतींनी काय केले? २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली. २००६ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले. मधल्या काळात ४२ वी आणि ४४ वी घटनादुरुस्ती झाली. मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याची तरतूद या दुरुस्त्यांनी कशी बदलली, इथून गटाने सुरुवात करावी.

प्रकल्प संपल्यावर चिठ्ठ्यांचे काय करावे?

कालखंडानुसार पाकिटांत घालून विभागात ठेवाव्यात. पुढच्या तुकडीच्या प्रत्येक गटाने पहिल्या आठवड्यात जुन्या दहा चिठ्ठ्या मूळ साधनाशी ताडून पाहाव्यात आणि चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात. त्यानंतरच नवी चिठ्ठी लिहायला घ्यावी.